ओट्यावरचा नवा पॉइंट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

दूध नासलं. कारण फ्रिज बंद. काल मिक्सर लावायला फ्रिजचा प्लग काढला होता, तो परत लावायचा राहिला. कुणी काढला यावर चर्चा झाली. मी काढला असं निष्पन्न झालं. पण मूळ दोष माझा नाही, स्वयंपाकघराचा आहे. ओट्यावर पॉइंट एकच. फ्रिज, मिक्सर आणि किटली, तिघांचं भांडण त्या एका पॉइंटवर.

ही म्हणाली, आज दूध गेलं, उद्या बाबांचं औषध जाईल. हे मात्र खरं आहे. बाबा तपासण्यांसाठी कालपासूनच हॉस्पिटलात आहेत, घशातली गाठ गुरुवारी काढायची आहे. रविवारी घरी येतील. ऑपरेशननंतर पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. टाके ओले असताना बोलले तर आवाज कायमचा जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून दोनदा सांगितलं. खाणं सगळं मिक्सरमधून काढलेलं. औषधाची बाटली फ्रिजमध्ये. दिवसातून तीनदा वाफ, म्हणजे किटली. तिन्ही वस्तू एकदमच लागणार.

संकल्प: रविवारच्या आत ओट्यावर नवा पॉइंट. मी स्वतः बसवणार.

७.२५. हिला सांगितलं. तिने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं.

दुपारी, ऑफिसात

बाबा चौतीस वर्षं कारखान्यात वायरमन होते. लहानपणी मी त्यांच्या टेस्टरला हात लावला की काढून घ्यायचे. म्हणायचे, तू अभ्यास कर. केला. आज एकोणीस वर्षं विमा कंपनीत आगीच्या क्लेमच्या फायली तपासतोय. जो माणूस 'शॉर्टसर्किट' हा शब्द दिवसातून दहा वेळा लिहितो, त्याला ते कसं टाळायचं हे कुणी शिकवायला नको.

पंधरा दिवस संपल्यावर बाबा पहिलं वाक्य कुठलं बोलतील, हेही मी ठरवून ठेवलंय. 'हा पॉइंट कुणी बसवला?' मी उत्तर देणार नाही. फक्त हसेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ

हिने मला न विचारता इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आला, जुना पॉइंट उघडला, आत बॅटरी मारली आणि मान हलवली. ही मान हलवण्याची सवय या लोकांना असते. म्हणाला, या लाईनवर आधीच फार लोड आहे. किचनसाठी मेन बॉक्सपासून वेगळी लाईन ओढायला हवी, तिन्ही वायरी नव्या, आणि पॉइंट सिंकपासून लांब. अर्धा दिवस लागेल, शुक्रवारी येतो.

मी सहज विचारलं की जुन्याच पॉइंटमधून जोड देऊन शेजारी नवा काढला तर? अगदी दहा मिनिटांचं काम. त्याने स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त हात लावू नका."

नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच घरात, माझ्याच ओट्यासमोर. कळवतो म्हणून सांगितलं. कळवणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हार्डवेअरचं दुकान. सॉकेट घेतलं, डबा घेतला, काळी टेप घेतली. वायर किती एमएमची, असं दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, चांगली. तो म्हणाला, चालवणार काय तिच्यावर? मी म्हटलं, घर. मागे दोन माणसं थांबली होती म्हणून त्याने पुढे वाद घातला नाही. लाल, काळी आणि हिरवी अशी तीन बंडलं दिली. हिरवी अर्थिंगची, ती नसती तरी चाललं असतं बहुधा, पण तीन रंग बरे दिसतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन झालं. व्यवस्थित. पावणेदोन तास मी आणि ही बाकावर बसून होतो. त्या वेळी पॉइंटचा विचार एकदाही आला नाही, हे नोंदवून ठेवतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

बाबा उशीला टेकून बसले होते. बोलता येत नाही म्हणून हिने एक छोटी वही आणि पेन दिलंय. त्यांनी लिहिलं, घरी काय चाललंय? मी म्हटलं, काही नाही. माझं तोंड बघून त्यांनी परत लिहिलं, नक्की? मी नक्की म्हटलं. एवढा संयम मला यापूर्वी कधी जमला नव्हता. पोटात मावत नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ९.१५. कामाला सुरुवात. बॉक्समधलं 'किचन' लिहिलेलं बटण खाली केलं.

९.२०. जुना पॉइंट उघडला. टेस्टर तरीही पेटतोय. टेस्टर जुना असावा.

९.२१. हिने मागून येऊन मेनच खाली केलं. घरातला पंखा बंद, सगळं बंद. तिच्या समाधानासाठी तसंच राहू दिलं.

१०.५०. टाइल फुटली. एकच.

११.३०. दुसरी. या टाइलच कमी दर्जाच्या आहेत.

१२.४५. भिंतीला हातभर खाच पाडली. सिंकच्या जरा जवळ गेलीय, पण वायर तेवढीच पुरत होती. डाव्या अंगठ्यावर हातोडी. रक्त फार नाही.

३.१०. जोड दिले. लाल लालला, काळी काळीला, हिरवी हिरवीला. वर टेप. माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या फायलींत 'सैल जोड' हेच कारण असतं, म्हणून टेप नेहमीपेक्षा दुप्पट गुंडाळली.

४.००. सॉकेट बसलं. किंचित तिरकं. लांबून सरळ दिसतं.

४.०५. मेन वर. टेस्टर पेटला. आमचा दिवा, आमचा पंखा, आमचा फ्रिज, सगळं चालू. हिला हाक मारली. तिने दारातूनच बघितलं आणि विचारलं, हे सिंकच्या वर का? मी म्हटलं, सोयीचं.

४.१२. उद्घाटन म्हणून किटली लावली. ही स्टीलची किटली मी पाच वर्षांपूर्वी स्वतः पारखून आणलेली. बटण दाबलं आणि खट्. अख्खं घर बंद. बॉक्समधला सेफ्टी स्विच पडला. इलेक्ट्रिशियन लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. कुठे करंट भलत्याच वाटेने जायला लागला की तो आपोआप पडतो, असं त्यावरच्या कागदात लिहिलंय.

४.३०. परत पडला.

४.४०. परत. ईएलसीबी फार नाजूक प्रकृतीचा दिसतोय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.३०

चार वाजता बाबांना आणायचंय आणि किटली लावली की घर अंधारतं. ही म्हणते, किटली जुन्या पॉइंटवर लावून बघा. लावली. तिथे चालते. म्हणजे किटलीत दोष नाही, हे सिद्ध झालं. (त्या जुन्या पॉइंटात हिरवी वायर आतून केव्हाचीच तुटलेली आहे हे काल दिसलं होतं. मी जोडलेली हिरवी डब्यातल्या दुसऱ्या हिरवीला आहे.)

११.१५. यावर बसून शांतपणे विचार केला. जुन्यात हिरवी नाही, तिथे स्विच पडत नाही. नव्यात हिरवी आहे, तिथे पडतो. फरक फक्त हिरवीचा.

११.३०. हिरवी काढून टाकली, तिचं टोक खाचेत लोंबतंय. किटली लावली. चालली! पाणी उकळलं. घर चालू. जिवात जीव आला. असा तर्क त्या इलेक्ट्रिशियनला सात जन्मांत सुचला नसता.

संध्याकाळी ५. बाबा घरी आले. वजन उतरलंय. शर्टाच्या कॉलरीत मान बुडालीय. जिना चढताना माझा हात धरला होता, तो बराच वेळ सोडला नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबा पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच थांबले. भिंतीकडे बघत. फुटक्या टाइलवरून, खाचेवरून, तिरक्या सॉकेटवरून नजर सावकाश फिरली. मग त्यांनी हाताची पालथी बाजू सॉकेटच्या जवळ नेली, वास घेतला. जुने कारागीर असंच बघतात.

मी विचारलं, कसं वाटलं? त्यांनी वही घेतली आणि लिहिलं, 'हे'. मी लगेच म्हटलं, हे मीच केलंय बाबा, एकट्याने. त्यांनी पुढे लिहिलं, 'यात'. मी म्हटलं, यात कुणाचीही मदत घेतली नाही. पेन हवेत तसंच राहिलं. त्यांना बोलण्याचे श्रम नकोत तसे लिहिण्याचेही नकोत, म्हणून मी वाक्यं पुरी करून देतो. नात्यात एवढं ओळखता यायलाच हवं.

ऑफिसला उशीर झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी पलंगाजवळचं लाकडी स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. सॉकेटच्या समोर ठेवलं. त्यावर बसलेत. मी निघताना बसलेले होते, परत आलो तेव्हाही बसलेले. हिला विचारलं तर म्हणाली, दिवसभर तिथेच आहेत, जेवणसुद्धा तिथेच घेतलं.

डोळे भरून बघणं म्हणतात ते हेच. चौतीस वर्षं ज्या माणसाने कारखान्यात पॉइंट काढले, त्याच्या घरी त्याच्या मुलाने काढला. मला ऑफिसात हे आठवून दोनदा भरून आलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिक्सर हॉलमध्ये कसा? हिला विचारलं. म्हणाली, तिथे उजेड चांगला आहे. बाबांचं सूप तिने हॉलमधल्या पॉइंटवर केलं. वाफेचं पाणी गॅसवर तापवलं. मी म्हटलं, अगं, किटली आहे, पॉइंट आहे. ती म्हणाली, गॅसवरची वाफ बाबांना मानवते.

नव्या वस्तूची बायकांना सवय व्हायला वेळ लागतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा रोज स्टुलावर. काल त्यांनी मला बाही धरून जवळ ओढलं आणि वहीत एक चित्र काढायला घेतलं. तीन रेघा. दोन लांब, एक मध्येच तुटलेली. मग त्या तुटक्या रेघेवर पेन आपटत राहिले, आपटत राहिले, कागद फाटला. घसा ताणला जातोय असं वाटलं. चेहरा लाल झाला होता.

मी घाबरलो. डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलंय. वही आणि पेन काढून घेतलं आणि वरच्या कपाटात ठेवलं. बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला आवडलं नाही. पण पेशंटच्या भल्यासाठी कधी कधी वाईटपणा घ्यावा लागतो.

आठ दिवस झाले. अजून सात.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवा पॉइंट दिवसच्या दिवस बंदच दिसतो. त्याचं बटण वर असतं आणि त्यावर हिने टेपची एक पट्टी लावलीय. मी काढली. तासाभराने परत लावलेली. बाबा समोर बसलेले आणि ही भाजी चिरतेय.

ही फोनवर हळू आवाजात बोलत होती. 'गुरुवारच्या आधी नाहीच का जमणार' एवढं ऐकू आलं. नंतर 'बरं, गुरुवारी नक्की'. गुरुवारी कुणीतरी येणार आहे. माहेरची मंडळी असावीत. बाबांना बघायला, आणि स्वयंपाकघर बघायला.

सॉकेटची प्लेट कपड्याने पुसून ठेवली. पुसताना बाबा स्टुलावरून अर्धे उठले. म्हटलं, बसा बाबा, मी करतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज रागावलोय, स्पष्ट लिहितो. या पॉइंटवर नऊ दिवसांत एकदाही काही लावलं गेलेलं नाही. मी हिशेब विचारला तेव्हा ही म्हणाली, बाबा नको म्हणतात. मी म्हटलं, बाबांना बोलायला मनाई आहे, ते कसे म्हणतील? ती म्हणाली, माझ्याकडे किराण्याच्या यादीची वही आहे. पुढे म्हणाली, तुम्ही दोन दिवस थांबा, फक्त दोन दिवस.

म्हणजे माझ्या पाठीमागे वही चालू आहे. बाबांनी तिला काय सांगितलंय देव जाणे. म्हाताऱ्या माणसाला आपल्यापेक्षा मुलाचं काम सरस झालं की जरा जड जातं. मी समजू शकतो. पण गैरसमज दूर करायला हवा, आणि तो करून दाखवल्याशिवाय होत नाही.

संकल्प: उद्या लवकर घरी यायचं. नव्या पॉइंटवर, त्याच किटलीत, बाबांची संध्याकाळची वाफ मी स्वतः करणार. त्यांच्या समोर.

१९ फेब्रुवारी, बुधवार. रात्री ८, हॉस्पिटलच्या बाकावर

बाबा बोलले.

सगळं क्रमाने लिहितो. पाचला घरी आलो. ही औषधाच्या दुकानात गेली होती. बाबा स्टुलावर. मी हसलो, टेपची पट्टी काढली, नळाखाली किटली काठोकाठ भरली. हात ओले झाले, किटलीही बाहेरून ओली झाली. प्लग लावला. बाबा उभे राहिले. मी म्हटलं, बसा, फक्त बघा. बटण खाली दाबलं. दिवा लागला, पाणी गुरगुरायला लागलं, घर चालूच. मी म्हटलं, बघितलंत?

त्यांनी माझी बाही धरली. मी सोडवली. नळ गळत होता, तो बंद करायला डावा हात नळावर ठेवला आणि किटली जरा मागे सरकवायला उजवा हात पुढे केला.

"हात काढ!"

तो आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. कारखान्याच्या शेडमध्ये खांबाच्या टोकावरून खाली मारायचे तशी हाक. माझा हात जागच्या जागी थांबला, किटलीपासून चार बोटांवर. त्यांनी स्टूल उचललं, त्याच्या लाकडी पायाने भिंतीवरचं बटण वर ढकललं आणि मग ओट्याला धरून खाली बसले. तोंडावर रुमाल धरला. रुमालावर लाल होतं.

दोन दिवस राहिले होते. फक्त दोन.

हिने दारातच पिशवी टाकली. ती तशीच रिक्षा आणायला पळाली. रिक्षात बाबा मधे बसले होते आणि त्यांचा एक हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी तो पूर्ण रस्ताभर तसाच ठेवला.

८.४०. डॉक्टर नळी घालून बघतायत. मी काय विचारायचं ते ठरवतोय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ११. इलेक्ट्रिशियन आला. गुरुवारची माहेरची मंडळी म्हणजे हा. त्याने मला काही सुनावलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. किटली लावली, छोटा दिवा जोडलेल्या वायरीचं एक टोक किटलीच्या अंगाला आणि एक नळाला टेकवलं. दिवा लागला. म्हणजे किटलीचं अख्खं अंग करंटमध्ये होतं. आतलं कॉइल फुटलंय, हिरवी वायर तो करंट जमिनीत नेत होती म्हणून स्विच पडत होता. स्विच सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत, असं तो म्हणाला. हात टेकला असता तर स्विच तेव्हा पडला असता कदाचित, पण ओल्या हाताने, दुसरा हात नळावर असताना, त्या कदाचितवर मी तरी उभा राहिलो नसतो, असंही म्हणाला. मग माझे जोड उघडले. दुप्पट टेपच्या आत प्लास्टिक काळं पडलं होतं.

मी हॉलमध्ये जाऊन बसलो. क्लेमच्या फायलींत अशा प्रकरणांवर मी एक ठरलेला शेरा मारतो. तो आज आठवायचा नाही असं ठरवलं. आठवला: 'मालकाचा निष्काळजीपणा.'

ही समोर येऊन उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि तिला ते नको होतं.

"दहा दिवस ते तिथे राखण करत बसले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, त्यांना सांगून टाकू सगळं. तर लिहिलं, ऐकणार नाही, हट्टाला पेटेल, रात्रीतून परत काहीतरी करेल. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मी बसतो."

मी म्हटलं, मला वाटलं होतं त्यांना आवडलं. ती आत गेली.

दुपारी ४, हॉस्पिटल

डॉक्टर म्हणाले, दोन टाके सुटलेत. परत घातले. मौनाचे पंधरा दिवस आजपासून पुन्हा. आवाज येईल का, तर येईल. पूर्वीचा येईल का, ते आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं, किती शक्यता? ते म्हणाले, एवढ्या जोराने ओरडायची काय गरज होती त्यांना? मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, हातोडीपासून. एकही वाक्य गाळलं नाही.

मग बाबांच्या पलंगाशी गेलो. किराण्याच्या यादीची वही त्यांच्या मांडीवर होती. मी म्हटलं, चूक झाली. त्यांनी मान हलवली. म्हटलं, तुम्हाला दाखवायचं होतं मला. त्यांनी परत मान हलवली, आणि लिहायला घेतलं. मी या वेळी वाक्य पुरं केलं नाही. हात मांडीखाली दाबून बसलो. त्यांना वेळ लागला.

'मी होतो ना. एकदा विचारायचंस.'

मी म्हटलं, तुम्हाला बोलायला बंदी होती.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी टेस्टर काढून घेताना बघायचे तसंही नाही. मग त्याच ओळीखाली लिहिलं:

'लिहिता येत होतं.'

यावर मी फक्त हो म्हटलं.